अतिकठीण संमिश्र पदार्थ आणि बसाल्टचे वेधन : धाराशिव जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना : धाराशिव जिल्ह्याचा बहुतांश भूभाग दख्खनच्या बसाल्ट खडकाचा आहे. अवर्षणप्रवण असलेल्या या भागात पूर्वी पहार, सुरुंग आणि मनुष्यबळ यांच्या साहाय्याने विहीर खोदण्यास महिनोन्महिने लागत. आज कूपनलिका काही तासांत पूर्ण होते. या परिवर्तनामागील पदार्थविज्ञानाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

काठिण्य आणि चिवटपणा : केवळ कठीण पदार्थ वेधनास पुरेसा ठरत नाही. हिरा सर्वाधिक कठीण असला तरी आघाताने फुटतो. पोलाद चिवट असले तरी कातळावर लवकर झिजते. हे दोन्ही गुण एकत्र आणणे हेच संमिश्र पदार्थाचे प्रयोजन होय. इ. स. १९२३ मध्ये जर्मनीतील कार्ल श्र्योटर यांनी टंगस्टन कार्बाइडची भुकटी कोबाल्टसह दाबून व तापवून एकसंध करण्याची पद्धत शोधली. सुमारे १४०० अंश सेल्सिअसला कोबाल्टयुक्त बंधक वितळून कार्बाइडचे कण सांधतो. कार्बाइड काठिण्य देते, तर कोबाल्ट आघात सोसतो. कोबाल्टचे प्रमाण वाढविल्यास चिवटपणा वाढतो, परंतु झीजही वाढते.

साधनाची निवड : कूपनलिकेच्या यंत्रात हॅमर नळ्यांच्या तळाशी, बिटाच्या लगत असतो. बिटावरील कार्बाइडची बटणे दाबयुक्त हवेच्या बळावर कातळावर आघात करून त्याचा चुरा करतात व तीच हवा चुरा वर आणते. कृत्रिम हिऱ्याचे कण कार्बाइडच्या चकतीवर उच्च दाबाने सांधलेले पाते १९७० च्या दशकात प्रचारात आले. ते खडक कापत जात असल्याने तेलविहिरींच्या मृदू स्तरांत उपयुक्त ठरते. तीव्र आघातात मात्र त्याचे टवके उडतात. खडकाचा अखंड गाभा काढावयाचा असल्यास धातूच्या बंधकात हिऱ्याचे कण रुजविलेले वर्तुळाकार बिट वापरतात. १९९३ च्या भूकंपानंतर शेजारच्या लातूर जिल्ह्यातील किल्लारी येथे ६१७ मीटर खोल वेधन करण्यात आले. तेथे बसाल्टची जाडी ३३८ मीटर आढळली आणि त्याखालील आधारखडकाचे नमुने अभ्यासास उपलब्ध झाले.

मर्यादा : बसाल्टमध्ये पाणी मुख्यतः झिजलेल्या मुरमात, सच्छिद्र थरांत व भेगांत साठते. अखंड काळ्या पाषाणात ते नसते. म्हणून अधिक खोली म्हणजे अधिक पाणी, हे समीकरण येथे टिकत नाही. कोरड्या कूपनलिकेचा खर्च अल्पभूधारक शेतकऱ्याच्या कर्जात भर घालतो आणि यशस्वी कूपनलिका शेजारच्या उथळ विहिरीचे पाणी ओढू शकते. महाराष्ट्र भूजल अधिनियम, २००९ मध्ये खोल विहिरींवर निर्बंधांची तरतूद याच कारणास्तव महत्त्वाची आहे.

समारोप : अतिकठीण पदार्थांनी कातळाचा अडसर दूर केला, त्याबरोबर उपशावरील नैसर्गिक मर्यादाही शिथिल झाली. कातळ भेदण्याची क्षमता आता उपलब्ध आहे, परंतु पाण्याचा साठा पुनर्भरणावरच अवलंबून आहे. म्हणून महाविद्यालयीन अध्यापनात पदार्थविज्ञान, भूशास्त्र आणि जलव्यवस्थापन यांची सांगड घालणे आवश्यक आहे.