मुलास कोणत्या शाळेत घालावे?

दरवर्षी जून उजाडला की आमच्या ट्रस्टच्या कचेरीत फी-साहाय्याचे अर्ज येऊ लागतात. ते वाचताना एक गोष्ट वारंवार ध्यानात येते. मदतीची गरज कित्येकदा मूळच्या गरिबीमुळे नव्हे, तर शाळेच्या निवडीमुळे उत्पन्न झालेली असते. शेजाऱ्यांचा मुलगा जातो म्हणून आपलाही मुलगा गावाबाहेरच्या मोठ्या शाळेत घातला जातो. फी, बसभाडे आणि शिकवणी यांत तीन वर्षांत घर टेकीला येते. पैशाची अडचण ट्रस्ट थोडीफार निवारू शकतो. मुलाची वाया गेलेली वर्षे मात्र कोणत्याही निधीतून भरून देता येत नाहीत.

अशाच एका अर्जासोबत एक आई आपल्या तिसरीतल्या मुलीस घेऊन आल्या होत्या. मुलीने इंग्रजी धडा घडाघडा वाचून दाखविला. आमच्यापैकी एकीने त्याच धड्यातील मधल्या एका ओळीवर बोट ठेवून वाचावयास सांगितले, तेव्हा मुलगी थबकली. धडा पाठ होता, वाचता येत नव्हता! मग आम्ही मराठीतून आजोळची चौकशी केली, तर तिला किती सांगू नि किती नको असे झाले. दोष तिच्या बुद्धीत नव्हता, हे सांगणे नकोच.

वाचन म्हणजे ओळखीच्या शब्दाची त्याच्या लिखित रूपाशी गाठ घालणे. शब्दच अनोळखी असेल तर मूल अक्षरे उच्चारते, अर्थापर्यंत पोचत नाही. आपल्या बडोद्यात तर घरी मराठी, गल्लीत गुजराती आणि शाळेत इंग्रजी असा तिहेरी प्रकार असतो. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्याने करावी, असे कलम (३५० अ) राज्यघटनेत १९५६ साली घातले गेले. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही शक्य तेथे निदान पाचवीपर्यंत मातृभाषा किंवा स्थानिक भाषा हेच माध्यम सुचविले. तथापि सरकार माध्यमाची सक्ती करू शकत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली कर्नाटकच्या खटल्यात दिला. तेव्हा निवड पालकांची, आणि जबाबदारीही त्यांचीच.

आमचे मत विचाराल तर, घराजवळ बरी चाललेली मराठी शाळा असेल तर तिचा विचार आधी करावा. मराठी शाळांचे पट घटले आहेत हे खरे. पण पट लहान म्हणून शिक्षण हलके, असे मुळीच नाही. मराठी शाळा दूर असेल तर गुजराती माध्यमास नाक मुरडू नये. गल्लीत खेळून ती भाषा मुलाच्या तोंडी बसलेलीच असते. लिपीचेही भय नको: वर्णमालेचा क्रम तोच, बाराखडी तीच; वरची रेघ नाही आणि काही अक्षरांचे वळण वेगळे, इतकेच. गुजराती वाचणारे मूल घरी रोज थोडा वेळ बसविले तर देवनागरीही लवकर उचलते. शिवाय २०२३ च्या कायद्याने गुजरातेतील सर्व शाळांत पहिली ते आठवी गुजराती विषय अनिवार्य झालाच आहे. इंग्रजी माध्यमच घ्यावयाचे असेल, तर पहिलीच्या बाई अडलेल्या मुलास त्याच्या भाषेत समजावून देतात, की ती भाषा बोलल्याबद्दल दंड करतात, एवढे अवश्य विचारावे.

शाळा पाहावयास जावे ते स्नेहसंमेलनाच्या दिवशी नव्हे, तर साध्या कामाच्या दिवशी. दहावीचा निकाल शाळेच्या फाटकावर झळकत असतो. आपले मूल पहिलीत बसावयाचे आहे. पहिलीचा वर्ग पाहू द्या म्हणावे. मुले शिक्षकांना प्रश्न विचारतात काय, हे पाहावे. चार वह्या उघडाव्यात. चारहींत अक्षरशः एकच उत्तर असेल तर ते फळ्यावरून उतरविलेले समजावे. चुका असलेली आणि त्या प्रेमाने दुरुस्त केलेली वही आम्हांस अधिक आश्वासक वाटते. पहिलीस कोण शिकवते व ती व्यक्ती किती वर्षे टिकून आहे, हेही विचारावे. आणि मुतारी पाहण्यास संकोच करू नये. ती घाण असेल तर मुली दिवसभर पाणी पीत नाहीत.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्यातील काही गोष्टी ठाऊक असाव्यात. प्राथमिक वर्गांत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेत आणि वर्षास निदान २०० दिवस शाळा भरली पाहिजे. प्रवेशासाठी देणगी घेणे किंवा मुलाची वा पालकांची परीक्षा घेणे यांस बंदी आहे. खाजगी विनाअनुदानित शाळांत पहिलीच्या किमान २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांना विनामूल्य द्याव्या लागतात. अल्पसंख्याकांच्या शाळा तेवढ्या यातून वगळल्या आहेत. आमच्याकडे येणारे कित्येक अर्जदार या जागांस पात्र असतात, पण मुदत उलटल्यावर येतात.

वयाचीही घाई नको. गुजरातेत २०२३ पासून पहिलीसाठी १ जूनला सहा वर्षे पूर्ण हवीत. पुष्कळ पालकांनी तेव्हा कुरकुर केली, पण आम्हांस हा नियम मुलांच्या हिताचा वाटतो.

अंतराचे तर साधे गणित आहे. केंद्राच्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी असे म्हटले आहे. बसमध्ये जाऊन-येऊन दोन तास घालविणारे सहा वर्षांचे मूल घरी येते ते पेंगतच. मग त्याने खेळावे केव्हा आणि आजीजवळ बसून गोष्ट ऐकावी केव्हा?

यंदापासून फी-साहाय्याच्या अर्जासोबत मुलास व त्याच्या एका वहीस घेऊन यावे, अशी विनंती आहे. प्रगतिपुस्तक नसले तरी चालेल.