तेवीस हजारांतले हातात किती?

जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग झालं, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक हातात आला, की पहिल्या नोकरीसाठी डे केअर सर्जरी सेंटर बऱ्याच जणींना बरं वाटतं. मोतीबिंदू, हर्निया, मूळव्याध अशा केसेस. पेशंट सकाळी येतो, संध्याकाळी घरी जातो. नाइट ड्यूटी नाही, त्यामुळे घरचेही खूश. पण मग नाइट अलाउन्सही नाही, आणि मुलाखतीत हेच कारण पुढे करून आकडा खाली ओढतात. ‘आमच्याकडे आरामाचं काम आहे, सिस्टर,’ हे ऐकायची तयारी ठेवूनच जावं.

आराम कसला ते रिकव्हरीत कळतं. शेवटची केस साडेतीनला टेबलवर गेली, ड्यूटी कागदावर साडेपाचपर्यंत. पण स्पायनल पुरता उतरलेला नसतो, पेशंट दोनदा ओकतो, लघवी झालेली नसते, न्यायला येणारा मुलगा ट्रॅफिकमध्ये अडकलेला असतो. हालचाल, श्वास, रक्तदाब, शुद्ध आणि ऑक्सिजन यांना प्रत्येकी २ गुण धरून ॲल्ड्रीट स्कोअर काढायचा. १० पैकी निदान ९ भरल्याशिवाय रिकव्हरीतून हलवायचं नाही, आणि घरी सोडायचे निकष त्यापुढचे. हे सगळं होईपर्यंत सिस्टर तिथून हलू शकत नाही. म्हणून पगाराआधी हे विचारा: साडेपाचनंतरचे तास कुठे धरतात? ओव्हरटाइम, बदली सुट्टी, की नुसतंच ‘ॲडजस्ट करा’?

आता आकडा. समजा, ‘तेवीस हजार’ म्हणाले. हे सीटीसी असेल, तर हातात तेवढे येत नाहीत. बेसिक १५,००० धरू. मालकाचा पीएफ १२ टक्के म्हणजे १,८०० आणि ग्रॅच्युइटीची तरतूद सुमारे ७२० रुपये, हे त्या तेवीस हजारांतूनच जातात. मालकाचा ईएसआयचा ३.२५ टक्के वाटाही त्यातच. उरतो साधारण १९,८३० रुपये ग्रॉस पगार. त्यातून तुमचा पीएफ १,८०० आणि ईएसआयचे ०.७५ टक्के, म्हणजे दीडशेच्या आसपास. हातात राहिले १७,९०० च्या आतबाहेर. महिलांना महिना २५,००० पर्यंत व्यवसाय कर नाही. ब्रदरचे आणखी २०० जातात. पीएफ बुडत नाही, तो तुमचाच आहे, पण खोलीचं भाडं त्यातून देता येत नाही. सेंटर लहान असेल, तर पीएफ मुळातच नसण्याची शक्यता आहे. तो साधारण २० कर्मचाऱ्यांपासून लागू होतो. मग हातात जास्त दिसतं, साठत काही नाही. दोन सेंटरांची तुलना करताना हा फरक धरा.

मागायचं किती? एक आधार हाताशी असावा. नर्सेसच्या पगारासंबंधी सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर केंद्राच्या तज्ज्ञ समितीने शिफारस केली होती: ५० पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही महिना किमान २०,००० रुपये द्यावेत. ही शिफारस आहे, तिच्या जोरावर कोणाला कोर्टात खेचता येत नाही. बोलताना मात्र उपयोगी पडते, कारण बहुतेक डे केअर सेंटरं या खाटांच्या गटातच बसतात.

समोर कोण बसलंय, हेही ओळखा. मोठ्या साखळीत एचआरकडे फ्रेशरचा तक्ता ठरलेला असतो. आकडा फारसा हलत नाही, पण पुढची वाढ, ट्रेनिंग, रुजू व्हायची तारीख हलते. डॉक्टर स्वतः मालक असतील, तर आकडा हलतो, पण कागद मिळत नाही. माझं मत विचाराल, तर दुसऱ्या ठिकाणी पाचशे रुपये कमी घ्यावेत, पण सहा महिन्यांनी पगार किती होणार ते लिहून घ्यावं.

बोलणं लांबवू नये. ‘सर, सीटीसी सांगितलंत, इन हँड किती येईल?’ उत्तर आलं की, ‘माझं बीएलएस झालंय, ओटी पोस्टिंगमध्ये स्क्रबला उभी राहिलेय. इन हँड वीस अपेक्षित आहे.’ आणि मग गप्प बसायचं. आपल्या मुली इथेच घाबरून ‘पण साडेअठरा पण चालतील’ म्हणून मोकळ्या होतात. ‘सध्या नाही जमणार’ असं आलं, तर विचारा, ‘मग सहा महिन्यांनी किती, आणि ते ऑफर लेटरमध्ये येईल का?’ बीएलएसचं प्रमाणपत्र दोन वर्षांचं असतं. मुदत संपत आली असेल, तर नूतनीकरणाचा खर्च सेंटरने करावा, हेही याच वेळी मागून घ्यावं.

बाँडचा विषय शेवटी येतो आणि तोच महागात पडतो. सरकारी अधिपरिचारिकेची वेतनश्रेणी एस-१३ आहे, मूळ वेतनच ३५,४०० पासून, वर महागाई भत्ता. भरतीची जाहिरात निघाली की सिस्टर जाणार, हे मालकालाही ठाऊक असतं, म्हणून बाँड. दोन वर्षांचा एक वर्षावर आणायला सांगा, मध्येच सोडल्यास भरायची रक्कम महिन्यागणिक कमी होईल असं लिहून घ्या, नोटीस पीरियड दोन्ही बाजूंना सारखाच आहे का ते बघा. ऑफर लेटर मेलवर मागवा, घरी नेऊन वाचा आणि मग सही करा. ओरिजिनल सर्टिफिकेटं ‘जमा’ करायला सांगितली, तर दाखवा, झेरॉक्स द्या आणि ओरिजिनल त्याच दिवशी पिशवीत घालून परत आणा.