चर्च तर उघडलं, पण ‘पॅरिश’ कधी उघडणार? वसईच्या तीन ईस्टरची गोष्ट

४ एप्रिल २०२१. रविवार, ईस्टरचा दिवस. सकाळी लोक मास्क लावून, अंतर ठेवून, मोजक्या संख्येनं मिस्सा करून घरी आले. त्याच दिवशी राज्य मंत्रिमंडळाची बैठक झाली आणि निर्णय आला : सोमवारी रात्री ८ पासून प्रार्थनास्थळं पुन्हा बंद. ख्रिस्ती वर्षातला सगळ्यात मोठा सण रविवारी, आणि सोमवारी चर्चचं दार लोकांसाठी बंद.

आता एक वर्ष पुढे या. २ एप्रिल २०२२ला, गुढीपाडव्याच्या दिवशी, राज्यातले कोरोनाचे सगळे निर्बंध उठले. मास्कसुद्धा ऐच्छिक झाला. २०२२चा ईस्टर १७ एप्रिलला होता. म्हणजे २०१९नंतर पहिल्यांदाच सरकारी मर्यादेशिवायचा ईस्टर.

बातमी इथे संपते. पण वसई-विरार पट्ट्यातल्या चर्चमध्ये खरा प्रश्न इथून पुढे सुरू होतो. सरकारी आदेशानं इमारत एका दिवसात उघडता येते. पॅरिश तशी उघडत नाही.

पॅरिश म्हणजे नेमकं काय?

बाहेरच्या माणसाला चर्च म्हणजे इमारत वाटते. रविवारी उघडते, नाताळला लायटिंग होते. कॅथलिक माणसासाठी त्याआधी असते ती पॅरिश, मराठीत धर्मग्राम. साधारणपणे ती हद्दीवर ठरते. तुम्ही जिथे राहता, तिथली पॅरिश ती तुमची. तुमचा बाप्तिस्मा तिच्या नोंदवहीत असतो, पुढे लग्न झालं की त्याच बाप्तिस्म्याच्या नोंदीसमोर तेही लिहिलं जातं, आणि मृत्यूची नोंद ठेवण्याचं कामही पॅरिशचंच.

वसईत हे जास्तच घट्ट आहे. पापडी, रमेदी, संडोर, गास, निर्मळ, नंदाखाल, आगाशी... गावाचं नाव घेतलं की चर्चही आलंच. इथले कॅथलिक मराठी बोलतात, घरात सामवेदी किंवा वाडवळी. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) लॅटिनच्या जागी लोकभाषा आल्या, तेव्हापासून मिस्साही मराठीत होते. जानेवारी २०२०मध्ये उस्मानाबादला ९३वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, त्याचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो वसईचेच. १९९८मध्ये वसई मुंबईपासून वेगळी होऊन स्वतंत्र धर्मप्रांत झाली. पापडीचं चर्च हे तिचं कॅथेड्रल, म्हणजे बिशपांचं मुख्य चर्च.

मिस्सेव्यतिरिक्त पॅरिशमध्ये लहान मुलांचे धर्मशिक्षणाचे वर्ग असतात, गायकवृंद असतो, गरजूंना मदत करणारे गट असतात, आळीआळीतले लहान ख्रिस्ती समूह असतात, सणाआधीचे नऊ दिवसांचे नोव्हेना असतात, गल्लीतल्या क्रूसासमोर जमून म्हटली जाणारी रोजरी असते. यातलं काहीही एकट्यानं होत नाही. आणि कोरोनात नेमकी जमण्यावरच बंदी होती.

दोन वर्षं, पटकन

मार्च २०२०मध्ये सगळं थांबलं. केंद्रानं ८ जूनपासून प्रार्थनास्थळं उघडायला परवानगी दिली होती, महाराष्ट्रानं दिली नाही. ऑक्टोबरमध्ये राज्यपाल भगतसिंह कोश्यारी आणि मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्यात त्यावरून पत्रापत्री झाली, ती आठवत असेल. चर्चा सगळी मंदिरांची होती, पण मशिदी, चर्च, गुरुद्वारा सगळे त्याच आदेशाखाली होते. १६ नोव्हेंबर २०२०, पाडव्याला, दारं उघडली. एप्रिल २०२१मध्ये पुन्हा बंद. ७ ऑक्टोबर २०२१, घटस्थापनेला, पुन्हा सुरू. डिसेंबरात ओमिक्रॉन आला आणि नाताळला चर्चमध्ये क्षमतेच्या निम्मेच लोक, शिवाय रात्री ९नंतर पाचपेक्षा जास्त जणांनी जमायचं नाही. मध्यरात्रीची मिस्सा म्हणजे नाताळचा प्राण. पण रात्री ९नंतर पाच जणांत ती कुणी कशी करायची?

एक गंमत लक्षात आली का? महाराष्ट्रात चर्चची दारं पाडव्याला उघडली, मग घटस्थापनेला, आणि शेवटचे निर्बंध उठले ते गुढीपाडव्याला.

ऑनलाइन मिस्सा चालते की नाही?

चालते आणि चालतही नाही. हे जरा समजून घ्यायला हवं.

चर्चच्या कायद्यानुसार कॅथलिकांवर रविवारी मिस्सेला जाण्याचं बंधन आहे. आजारी माणसाला ते आधीपासूनच लागू नसतं. बिशप योग्य कारणासाठी आपल्या लोकांना त्यातून सूट देऊ शकतात, आणि २०२०मध्ये जगभरच्या बिशपांनी ती दिली. मग यूट्यूब आलं. फादर रिकाम्या बाकांसमोर मिस्सा करू लागले आणि लोक घरी मोबाइल कपाटाला टेकवून बसले. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी, बाहेरच्या खोलीत शुभवर्तमान.

अडचण अशी की मिस्सा ही फक्त ऐकायची-बघायची गोष्ट नाही. तिच्या मध्यभागी ख्रिस्तशरीर संस्कार आहे, म्हणजे कम्युनियन. ती भाकर प्रत्यक्ष तोंडात पडावी लागते. स्क्रीनवरून ती मिळत नाही. मिळते ती ‘आध्यात्मिक कम्युनियन’, म्हणजे मनातून केलेली इच्छा. पापकबुलीचंही तसंच. फोनवर किंवा व्हिडिओ कॉलवर ती होत नाही. सप्टेंबर २०२०मध्ये व्हॅटिकनच्या उपासनाविषयक विभागाचे प्रमुख कार्डिनल रॉबर्ट सारा यांचं पत्र आलं. प्रक्षेपणाचा उपयोग त्यात मान्य केला होता, पण कोणतंही प्रक्षेपण प्रत्यक्ष सहभागाची जागा घेऊ शकत नाही, हेही स्पष्ट लिहिलं होतं. अमेरिकेतल्या मिल्वॉकी धर्मप्रांतानं तर त्याच महिन्यात सूट मागे घेतली. बाकी जग त्या मानानं हळू चाललं.

थोडक्यात, ऑनलाइन मिस्सा ही आजारी माणसाच्या घरी पाठवलेल्या डब्यासारखी होती. डबा चांगला असतो, पण पंगत वेगळी.

इथे एक पेचही आहे. ज्या आजीला गुडघ्यांमुळे २०१९मध्येही चर्चला जाता येत नव्हतं, तिच्यासाठी यूट्यूब ही सोय होती, तडजोड नव्हती. तिला पहिल्यांदाच रोजची मिस्सा दिसू लागली. मग आता प्रक्षेपण बंद करायचं, म्हणजे धडधाकट लोक सोफ्यावरून उठतील? की चालू ठेवायचं, म्हणजे आजी राहील? चालू ठेवणंच बरं वाटतं. सोफ्यावरचे लोक यूट्यूबमुळे बसलेत, असं मानणं जरा सोपं उत्तर आहे.

शरीराचा धर्म

कोरोनात कॅथलिक उपासनेची अडचण जास्त झाली, कारण तिच्यात स्पर्श फार आहे. दारातल्या कुंडीतलं पवित्र पाणी बोटाला लावून आत यायचं, जिभेवर कम्युनियन घ्यायचं, गुड फ्रायडेला क्रूसाचं चुंबन घ्यायचं. मार्च २०२०मध्ये व्हॅटिकननं पवित्र आठवड्यासाठी खास आदेश काढला. पवित्र गुरुवारी पाय धुण्याचा विधी वगळायचा आणि गुड फ्रायडेला क्रूसाचं चुंबन फक्त विधी करणाऱ्या धर्मगुरूनं घ्यायचं, असं त्यात होतं. २०२१मध्ये राखेच्या बुधवारी राख कपाळाला न लावता डोक्यावर शिंपडा, असं सांगितलं गेलं. कम्युनियन बहुतेक ठिकाणी हातावर आलं.

एका बाबतीत भारतातल्या चर्चला मात्र काही बदलावं लागलं नाही. मिस्सेत एकमेकांना शांती देण्याचा एक क्षण असतो. युरोप-अमेरिकेत तिथे हस्तांदोलन किंवा मिठी असते. भारतात हात जोडून शांती द्यायला व्हॅटिकननं १९६९मध्येच मान्यता दिली होती. जग २०२०मध्ये नमस्कार शिकलं, इथे तो पन्नास वर्षं चालूच होता.

सगळ्यात उशिरा मोकळा झाला तो गायकवृंद. त्याला कारण आहे. मार्च २०२०मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात स्कॅजिट काउंटीत एका गायनसमूहाची तालीम झाली. ६१ जण होते. त्यातल्या ५३ जणांना कोरोना झाला किंवा झाल्याची दाट शक्यता होती, दोघे गेले. गाताना तोंडातून बारीक थेंब जास्त उडतात, हे त्या तालमीनं जगाला दाखवलं. तेव्हापासून चर्चमध्ये गाणं ही भीतीची गोष्ट झाली. नुसता एक आवाज आणि कीबोर्ड, एवढ्यावर किती रविवार निघाले.

जी अंत्ययात्रा निघालीच नाही

पण गाणं परत येतं. पाय धुण्याचा विधी परत येतो. परत न येणारी गोष्ट वेगळी आहे.

गावात कुणी गेलं की चर्चची घंटा वाजते. लोक कामं सोडून येतात, घरी प्रार्थना होते, शवपेटीमागे चालत चर्चपर्यंत जातात, तिथे मिस्सा होते आणि मग दफन. पॅरिश म्हणजे काय हे सांगायला याहून चांगलं उदाहरण नाही. त्या दिवशी सगळ्यांना कळतं की हा माणूस आपल्यातला होता.

कोरोनात अंत्यविधीला जास्तीत जास्त २० माणसं. कोरोनानं मृत्यू झाला असेल तर मृतदेह बंद पिशवीत, घरी नेण्याचा प्रश्नच नाही. ३० मार्च २०२०ला मुंबई महापालिकेनं कोरोनाच्या सगळ्या मृतांचं दहनच करायचं, असं परिपत्रक काढलं आणि त्याच दिवशी ते बदललं. पुढे वांद्र्यातल्या दफनभूमीत असे दफनविधी नकोत म्हणून याचिका झाली. २२ मे २०२०ला मुंबई उच्च न्यायालयानं ती फेटाळली आणि सन्मानानं अंत्यसंस्कार होणं हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे, असं सांगितलं.

कॅथलिकांना दहन चालतं का? चालतं, १९६३पासून परवानगी आहे. चर्चची पसंती दफनाला आहे, आणि दहन केलंच तर अस्थी घरी ठेवू नयेत, विसर्जित करू नयेत, पवित्र जागी पुराव्यात किंवा ठेवाव्यात, असं २०१६चा व्हॅटिकनचा दस्तऐवज सांगतो. नियम होता, तरी पिढ्यान्‌पिढ्या एकाच दफनभूमीत आजोबा-पणजोबा असलेल्या घरांसाठी तो पचवणं सोपं नव्हतं.

मग २ नोव्हेंबर २०२० आला. सर्व मृतांचा स्मरणदिन. एरवी या दिवशी दफनभूमी फुलांनी आणि मेणबत्त्यांनी भरून जाते. त्या वर्षी राज्यातली चर्च उघडायला अजून १४ दिवस होते. गर्दी होऊ नये म्हणून व्हॅटिकननं त्या वर्षी स्मरणदिनाची विशेष कृपा एका आठवड्याऐवजी पूर्ण नोव्हेंबर महिन्यासाठी खुली केली होती.

त्यामुळे २०२२मध्ये पॅरिशच्या मिस्सांच्या यादीत मृतांच्या नावाने होणाऱ्या मिस्सा दिसल्या, तर त्यामागे फक्त वार्षिक स्मरण नव्हतं. काही घरांसाठी, ज्यांना त्या दिवशी येता आलं नाही त्यांच्यासोबत बसून प्रार्थना करण्याची ती पहिलीच वेळ होती. माणूस दोन वर्षांपूर्वी गेलेला होता आणि ‘आम्हाला येता आलं नाही’ हे वाक्य तेव्हा बोललं जात होतं.

मग अडलं कुठे?

मुलांपासून सुरुवात करू. सातव्या-आठव्या वर्षाच्या आसपास मुलं पहिल्यांदा कम्युनियन घेतात. त्याआधी धर्मशिक्षणाचे वर्ग असतात. ते ऑनलाइन झाले, पुढे ढकलले गेले, आणि ज्यांचं वय त्या दोन वर्षांत होतं त्यांच्यातल्या कितीतरी जणांना २०२२मध्ये भरलेलं चर्च आठवतच नव्हतं. वेदीवर सेवा करणाऱ्या मुलांची एक तुकडी मोठी होऊन कॉलेजला गेली, धाकट्यांना शिकवायला कुणी उरलं नाही. घंटी कधी वाजवायची हे पुस्तकातून शिकत नाहीत, शेजारच्या मोठ्या मुलाकडे बघून शिकतात.

पैशाचं गणितही आहे. रविवारी फिरणारी दानाची पेटी हा पॅरिशचा नेहमीचा आधार. पेटी थांबली, खर्च थांबले नाहीत, उलट मदत मागणारी घरं वाढली.

आणि सवय. दोन वर्षं रविवार सकाळ मोकळी मिळाली की ती परत देणं जड जातं. याला श्रद्धा गेली म्हणणं घाईचं होईल. २०२२मध्ये काहींना अजून गर्दीची भीती होती, काहींच्या घरी आजारी माणूस होता, काहींना आपल्या नेहमीच्या बाकावरची शेजारची रिकामी जागा बघवत नव्हती.

२०२२च्या पवित्र आठवड्यासाठी व्हॅटिकननं नवे तपशीलवार नियम न देता निर्णय त्या त्या देशाच्या बिशपांवर सोडला. काळजी घ्या, एवढं सांगितलं.

२०२२मध्ये ईस्टरच्या जागरणाचा विधी शनिवारी, १६ एप्रिलला, अंधार पडल्यावर होता. २०२१मध्ये रात्री ८नंतर पाचपेक्षा जास्त जणांना जमायला बंदी होती, आणि हा विधी तर अंधार पडल्याशिवाय सुरूच करता येत नाही. २०२२मध्ये तशी अडचण नव्हती. या विधीत चर्चबाहेर अग्नी पेटवला जातो, त्यावरून मोठी मेणबत्ती, तिच्यावरून लोकांच्या हातातल्या लहान मेणबत्त्या. नंतर पाणी आशीर्वादित होतं आणि लोकांवर शिंपडलं जातं.

मार्च २०२०मध्ये ठिकठिकाणी चर्चच्या दारातल्या कुंड्या रिकाम्या करून कोरड्या ठेवल्या होत्या. त्या शनिवारच्या या पाण्यानं पुन्हा भरायच्या की अजून थांबायचं, हे ज्या त्या पॅरिशच्या फादरांनी ठरवायचं होतं.