पाबळची रीत, वाशिमचं ऊन

५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशिम जिल्ह्यातल्या पोहरादेवीला पंतप्रधानांचा कार्यक्रम झाला. बंजारा वारसा संग्रहालयाचं उद्घाटन झालं, पीएम-किसानचा अठरावा हप्ता सुटला. त्याच मंचावरून ‘मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.०’मधल्या पाच सौर प्रकल्पांचं लोकार्पणही झालं. राज्यभरातले पाच मिळून १९ मेगावॉट. संग्रहालयाची आणि हप्त्याची चर्चा झाली, सौर प्रकल्पांची फारशी झाली नाही. तरी जिल्ह्यातल्या पोरांच्या रोजच्या जगण्याशी यातलं सर्वांत जवळचं काय असेल, तर ते तिसरंच. सोयाबीन आणि तुरीच्या या मुलखात सौर पंप आता नवलाईचा राहिलेला नाही. तीन एचपीचा घ्यायचा की पाचाचा, किमतीतला आपला दहा टक्के हिस्सा कधी भरला, कंपनीचा माणूस कधी येणार, हे सगळं बोलणं मूल घरी जेवताना ऐकत असतं.

तेच मूल दहावीला ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २’ उघडतं, तेव्हा पाचव्या पाठाचं नाव असतं ‘हरित ऊर्जेच्या दिशेने’. पाठ चांगला आहे, हे आधी सांगितलं पाहिजे. औष्णिक, अणु, जल, पवन आणि सौर अशा सगळ्या वाटांची मांडणी त्यात सरळ केलेली आहे. एक चौरस सेंटिमीटर सिलिकॉनच्या सौरघटापासून सुमारे ३० मिलिअँपिअर धारा आणि ०.५ व्होल्ट विभवांतर मिळतं, हा आकडाही दिलेला आहे. परीक्षेला तो विचारला जातो आणि पोरं तो बरोबर लिहितात. पण मीटर हातात घेऊन तो आकडा खरा की खोटा हे पाहिलेले शिक्षक किती असतील? दोष शिक्षकांचा नाही. त्यांना तसं कोणी शिकवलेलंच नसतं.

शिक्षक प्रशिक्षणाची आपल्याकडची वाट ठरलेली आहे. पुण्याला राज्यस्तरावर तज्ज्ञ बसतात, जिल्ह्याचे साधनव्यक्ती तिथून शिकून येतात, ते तालुक्याला सांगतात, तालुक्याचे केंद्राला, आणि केंद्राच्या शिक्षण परिषदेत तीच पीपीटी चौथ्यांदा पडद्यावर येते. लांब वाहिनीच्या टोकाच्या शेतात पोचेपर्यंत व्होल्टेज उतरावं आणि मोटर नुसती गुरगुरावी, तसं हे होतं. भाषेच्या नाहीतर मूल्यमापनाच्या विषयात हा उतार एक वेळ चालून जातो. ऊर्जेच्या विषयात नाही, कारण तिथे सांगण्यासारखं थोडं आणि हाताने करून पाहण्यासारखं फार असतं.

म्हणून स्वच्छ ऊर्जेचे धडे वर्गात आणणारा शिक्षक घडवायचा कसा, हे पाहायला मला पुणे जिल्ह्यातलं पाबळ आठवतं. शिरूर तालुक्यातलं हे गाव बाहेरच्यांना मस्तानीच्या कबरीमुळे माहीत असतं. पर्जन्यछायेतलं, पाण्याला कायम मोताद. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये ते मुद्दाम निवडलं. कलबाग अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाचे डॉक्टरेट, अन्नतंत्रज्ञानातले. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न संशोधन संस्थेत आणि मग मुंबईत हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन केंद्रात काम केलेले. पन्नाशी उलटल्यावर मोठ्या पगाराची नोकरी सोडून पत्नी मीराताईंसह ते या माळरानावर राहायला आले. पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेचं केंद्र म्हणून ‘विज्ञान आश्रम’ सुरू झाला. नावात आश्रम असला तरी तिथे लेथ होतं, वेल्डिंग होतं, कोंबड्या होत्या. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीबाहेरची पहिली फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची कार्यशाळा, याच पाबळला उभी राहिली. ३० जुलै २००३ रोजी कलबाग गेले. काम चालू आहे.

कलबागांचं म्हणणं दोन वाक्यांत मावतं. माणूस हाताने काम करताना शिकतो, ती शिकण्याची नैसर्गिक रीत आहे. आणि गावच्या शाळेने गावाला उपयोगी पडणारी कामं केली, तर शिक्षण आणि विकास या दोन गोष्टी वेगळ्या काढाव्या लागत नाहीत. यात नवीन काय, असं कोणी विचारेल. वर्ध्याला ऑक्टोबर १९३७ मध्ये भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली, तीही हातापासूनच सुरू होत होती. फरक हत्यारांत आहे. तिथे चरखा आणि तकली मध्यभागी होती. पाबळला मल्टिमीटर, वेल्डिंगचा होल्डर आणि गोबरगॅसची टाकी आली. कलबाग मुळात शास्त्रज्ञ. त्यांना प्रत्येक कामाच्या मागचं ‘का’ हवं होतं, आणि शेवटी हिशेबही हवा होता.

त्यातून आठवी ते दहावीसाठी ‘मूलभूत तंत्रज्ञान’ हा विषय तयार झाला. ओळखीच्या शाळांत त्याला आयबीटी म्हणतात. राज्याच्या माध्यमिक शिक्षण मंडळाने १९८०च्या दशकातच त्याला मान्यता दिली. पुढे कौशल्य शिक्षणाच्या नव्या चौकटीत त्याचं ‘मल्टि स्किल फाउंडेशन कोर्स’ झालं. आठवड्यातला एक दिवस या विषयाला. चार विभाग: अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य. ऊर्जा-पर्यावरणात घरगुती वायरिंग आणि अर्थिंग येतं, गोबरगॅस येतो, निर्धूर चूल, सोलर कुकर, पर्जन्यमापक, आणि प्लेन टेबल लावून जमिनीचं सर्वेक्षणही. प्रत्येक कामाची वही असते. तिच्यात कृती, आकृती आणि कॉस्टिंग, म्हणजे साहित्य किती लागलं, मजुरी किती, नग केवढ्याला पडला. ही कॉस्टिंगची सवय मला या अभ्यासक्रमातली सर्वांत मोलाची वाटते. सौरऊर्जा चांगली आहे असं निबंधात लिहिणारा मुलगा आणि तिचा युनिटमागे खर्च काढणारा मुलगा, यांच्यात मोठं अंतर आहे.

खरी गंमत शिकवणाऱ्याची आहे. पाबळने शाळांसाठी ‘निदेशक’ घडवले ते बी.एड. पाहून नाही. गावातलाच वायरमन, वेल्डर, शेतात राबणारा किंवा परसबाग नीट सांभाळणारी बाई वर्गात शिकवू शकते, ही कलबागांची धारणा होती. आश्रमातला एक वर्षाचा निवासी ‘ग्रामीण तंत्रज्ञान पदविका’ अभ्यासक्रम राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेने मान्य केलेला आहे. तो केलेली मुलं पुढे शाळांत निदेशक झाली. त्यांना शिकवलं गेलं ते काम करवून घेत. गावातल्या घराचं अर्थिंग तपासायचं, बिघडलेलं दुरुस्त करायचं, त्याचे थोडे पैसे घ्यायचे. पैसे घेतल्यामुळे काम चुकलं तर गिऱ्हाईक परत येतं. प्रशिक्षणाचं इतकं कडक मूल्यमापन कोणत्याही पोर्टलवर होत नाही.

दुरुस्तीचा मुद्दा आपल्याकडे नेहमी मागे पडतो. आयआयटी मुंबईने २०१४ पासून दहा लाख सौर अभ्यास-दिव्यांचा प्रकल्प हाती घेतला, तेव्हा १२० रुपयांत दिवा विद्यार्थ्याच्या हाती दिला. पण दिवा तिथल्याच माणसांनी जुळवायचा आणि दुरुस्तही तिथेच व्हायचा, ही त्याची खरी बाजू होती. शाळांच्या छतावर पॅनल बसवून फीत कापणाऱ्यांनी ती उचलायला हवी होती. इन्व्हर्टर बंद पडला की मुख्याध्यापक पंचायत समितीला पत्र लिहितात. फ्यूज उडालाय की जोडणी सुटलीय, एवढं पाहणारा शिक्षक शाळेत असता तर निम्मी पत्रं लिहावीच लागली नसती.

आता ही रीत वाशिमला नेली तर शिक्षकाच्या हाती काय द्यावं? माझ्या मते दहा वॅटचं एक पॅनल, साधा मल्टिमीटर, एक थर्मामीटर, थोडी वायर. पॅनलमध्ये ३६ घट एकापुढे एक जोडलेले असतात. प्रत्येकी सुमारे ०.६ व्होल्ट धरले, तर उन्हात मोकळ्या टोकांना २१.६च्या आसपास व्होल्टेज दिसायला हवं. पुस्तकात ०.५ आहे. इथेच पहिला प्रश्न निघतो, आणि निघालेला बरा. मग एका घटावर तळहात ठेवायचा आणि धारा पाहायची: एकच घट झाकला तरी सगळ्या पॅनलची धारा कोसळते. एकसर जोडणीचा हा धडा फळ्यावर आकृती काढून अर्ध्या पोरांना समजत नाही, हाताच्या सावलीने क्षणात समजतो. शाळेपुढच्या कडुनिंबाची सावली छतावरच्या पॅनलला किती महाग पडते, तेही ओघाने कळतं.

वाशिमचा खास धडा मात्र उन्हाचा आहे. विदर्भात पारा ४५ला टेकला की लोक म्हणतात, आता तर वीजच वीज. प्रत्यक्षात पॅनल उजेडाने चालतं, तापण्याने नाही. कंपनी पॅनलवर जो वॅटचा आकडा छापते, तो घटाचं तापमान २५ अंश धरून. मे महिन्यात दुपारी घट ७० अंशांपर्यंत तापू शकतो, आणि दर अंशामागे साधारण ०.४ टक्के ताकद जाते. ४५ अंशांचा फरक, म्हणजे १८ टक्के गायब. पॅनलच्या पाठीला ओलं फडकं लावून पाहावं: मीटरवरचे व्होल्ट डोळ्यांदेखत वर सरकतात.

याला जोडून पंपाचं गणित घ्यावं. पाच एचपी म्हणजे ३७३० वॅट. सरकारी योजनेत पाचाच्या पंपाला पॅनल मात्र ४८०० वॅटचे मिळतात. जास्तीचे हजारभर वॅट कशाला? ज्या पोराच्या शेतात हा पंप आहे, त्याला हा प्रश्न पाठ्यपुस्तकातल्या कुठल्याही स्वाध्यायापेक्षा जवळचा. ४८००तून १८ टक्के वजा केले की ३९३६ उरतात. पुढे धूळ, सकाळ-संध्याकाळची तिरपी किरणं आणि कंट्रोलरमधला खर्च हेही वजा होतात. हे उत्तर काढलेला मुलगा घरी बापाला पॅनल पुसायला सांगेल, आणि का पुसायचे तेही सांगेल.

वाशिम साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणून पॅनल दक्षिणेकडे सुमारे २० अंश कललेलं ठेवतात. मे महिन्याच्या २० तारखेच्या आसपास इथे भरदुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, काठीची सावली नाहीशी होते. शाळा तेव्हा नेमकी बंद. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला झुकलेला असतो. तरी या कलत्या पॅनलवर दोन्ही वेळी दुपारचे किरण जवळजवळ सारख्याच तिरपेपणाने पडतात. मग फरक पाडतं ते तापमान. डिसेंबरातली स्वच्छ, गार दुपार मे महिन्यातल्या दुपारच्या तोडीची, कधी थोडी सरसही ठरते. दिवसभराची बेरीज मात्र मे महिन्याची मोठी, कारण दिवस मोठा. शक्ती वेगळी आणि ऊर्जा वेगळी, वॅट वेगळा आणि युनिट वेगळं, हा भेद शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

सगळं सौरावरच संपू नये. या भागात चुलीत पराट्या आणि तुराट्या जळतात, सोयाबीनचं कुटार गुरांपुढे जातं, आणि शेण बहुतेक उकिरड्यावर. २५ किलो ताज्या शेणापासून दिवसाला साधारण एक घनमीटर गॅस मिळतो. एका जनावराचं शेण दहा किलो धरलं, तर दोन घनमीटरच्या संयंत्राला पाच जनावरं हवीत. आज दावणीला पाच जनावरं किती घरांत उरली आहेत, याची गणती सातवीची पोरं एका आठवड्यात करून आणतील. गोबरगॅसच्या टाक्या पुढे बंद का पडल्या, याचं एक कारण त्या गणतीत सापडेल. ऊर्जेच्या शिक्षणात अपयशाचाही अभ्यास असावा. आपली प्रशिक्षणं तो कटाक्षाने टाळतात.

वेळ कुठून काढायचा, ही शिक्षकांची रास्त तक्रार. निवडणूक, गणना, पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती हे सगळं त्यांच्याच गळ्यात. पण २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीत दहा दिवस दप्तराविना ठेवायला सांगितले आहेत, आणि ते दिवस गावातल्या कारागिरांबरोबर घालवावेत असंही सुचवलं आहे. पाबळचा निदेशक हाच की. गावातला मोटर भरणारा मेकॅनिक त्यातले दोन दिवस शाळेत आला आणि गुरुजी त्याच्या शेजारी बसून शिकले, तर ते प्रशिक्षणच झालं. पीपीटीच्या चार पायऱ्या उतरून न आलेलं.

आणि प्रशिक्षण एकदाच घेऊन भागणार नाही. मे महिन्यात एकदा, डिसेंबरात एकदा, तेच पॅनल, तोच मीटर, दोन्ही आकडे एकाच वहीत. तिसरी फेरी जुलैतल्या भरल्या आभाळात घ्यावी. त्या दिवशी मोकळ्या टोकांना मीटर अठरा-एकोणीस व्होल्ट दाखवेल, आणि तरीही पॅनलला जोडलेला छोटा पंखा फिरणार नाही. व्होल्टेज आहे, मग वीज कुठे गेली? उजेड कमी झाल्यावर व्होल्टेज थोडंच उतरतं, धारा मात्र उजेडाच्या प्रमाणात घटते, हे उत्तर प्रशिक्षकाने लगेच सांगून टाकू नये. शिक्षकांनी मीटर धारेवर लावून ते स्वतः शोधावं, चहाची सुट्टी अर्धा तास पुढे गेली तरी चालेल.