नंबरप्लेट पनवेलची, रस्ता मुंबईचा

उलव्यातल्या एकाच सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन गाड्या शेजारी उभ्या आहेत असं समजू. दोन्हींवर ‘एमएच ४६’, म्हणजे पनवेल आरटीओ. मॉडेल एक, इंजिन १,१९७ सीसीचं. पहिली रोज अटल सेतूवरून शिवडीला उतरून मुंबईच्या गर्दीत शिरते. दुसरीचे मालक खारकोपरहून लोकल पकडतात. गाडी निघते ती रविवारी. तरी विम्याच्या वर्गवारीत दोघी जुळ्या बहिणी.

एका गाडीला अपघात कधी होईल, हे कुणीच सांगू शकत नाही. मात्र तशाच लाखभर गाड्यांपैकी साधारण किती गाड्यांना होईल, याचा अंदाज बराच जवळ जातो. म्हणून विमा गट पाडतो, आणि गटासाठी कागदावर सापडणारी खूण शोधतो. सीसी आरसीवर छापलेले असतात. चालवणाऱ्याची घाई नसते.

२००२ च्या मोटर टॅरिफने खासगी गाड्यांसाठी देशाचे दोन झोन केले. मुंबई, पुणे, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बेंगळुरू, हैदराबाद आणि अहमदाबाद हा ‘ए’. उरलेला देश ‘बी’. झोन ठरतो तो नोंदणी कुठे झाली यावरून. आपली गाडी पाच वर्षांच्या आतली आणि आठ लाख आयडीव्हीची (म्हणजे विम्यासाठी धरलेल्या किमतीची) असती, तर स्वतःच्या नुकसानीच्या विम्याचा दर ‘ए’मध्ये ३.२८३ टक्के, ‘बी’मध्ये ३.१९१. फरक ७३६ रुपयांचा. १ जानेवारी २००७ पासून हा दर कंपन्या स्वतः ठरवू लागल्या. झोन, सीसी, गाडीचं वय ही चौकट मात्र टिकून राहिली.

सक्तीच्या थर्ड पार्टी विम्यात खासगी गाडीचा झोन पाहतच नाहीत. १ जून २०२२ पासूनचे दर असे: १,००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १,५०० पर्यंत ३,४१६, त्यापुढे ७,८९७. म्हणजे १,५०० ची रेघ ओलांडली की हप्ता दुपटीहून जास्त. धोका असा एका सीसीने उडी मारत नाही, तक्ता मारतो. इलेक्ट्रिक गाडीला सीसीच नाहीत, तिथे किलोवॅट मोजतात. दर त्याच तक्त्यातले, १५ टक्के कमी.

जुलै २०२२ मध्ये विमा नियामकाने, गाडी किती आणि कशी चालते यावर हप्ता ठरवणाऱ्या जोड-योजनांना परवानगी दिली. मला ही दिशा जास्त न्याय्य वाटते. रविवारच्या गाडीचे किलोमीटर तिथे हिशोबात येतात.