पहिली रायफल घेताना



गेल्या हंगामापासून गट ऑफिसात, वजनकाट्यावर आणि सोसायटीच्या पायरीवर एकच प्रश्न मला चार-पाच जणांनी विचारला. "साहेब, तुम्ही मिलिटरीतनं आलाय. लांब पल्ल्याची चांगली रायफल कुठली घ्यावी?" विचारणाऱ्याच्या मनात दोन गोष्टी असतात. एक म्हणजे उसात शिरणारी रानडुकरं. दुसरी म्हणजे घरातल्या पोराला किंवा पोरीला लागलेलं नेमबाजीचं वेड. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक घेतलं, तेव्हापासून हे वेड वाढलं आहे आणि ते चांगलंच आहे. पण एकाच रायफलीत दोन्ही कामं उरकावीत, म्हणजे त्याच बैलांनी नांगरट आणि त्याच बैलांनी शर्यत, हा हिशेब इथं बसत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी शिकारीचं बोलू, म्हणजे तो विषय संपेल. आपल्या आज्या-पणज्यांच्या शिकारीच्या गोष्टी आपण ऐकल्या आहेत. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली आला आणि १९९१ च्या दुरुस्तीने हौसेखातर शिकारीचे परवाने देणंही बंद झालं. तेव्हा "शिकारीसाठी पहिली रायफल कोणती?" याचं आपल्या देशातलं उत्तर "कोणतीच नाही" असं आहे. अमेरिकेत असलेला पुतण्या हरणाच्या शिकारीचा व्हिडिओ पाठवतो, दुर्बीण लावलेली रायफल दाखवतो. तिथं हंगाम ठरवून, परवाना देऊन शिकार करू देतात. तो कायदा तिथला. तो व्हिडिओ बघून इथं रायफल ठरवू नये.

रानडुकराचं काय, असं तुम्ही म्हणाल. उभ्या पिकाची नासधूस होत असेल तर वनखात्याचा अधिकार असलेला अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो, अशी तरतूद कायद्यात आहे. परवानगी लेखीच लागते. "फॉरेस्टवाल्याला फोन केला होता" हे चालत नाही. आणि मारलेलं जनावर सरकारची मालमत्ता असते, त्याची वाटणी होत नाही. बिबट्या तर पहिल्या अनुसूचीत आहे, त्याच्या बाबतीत बंदुकीचं नावसुद्धा काढू नये. नुकसान झालं की त्याच दिवशी वनरक्षकाला कळवून पंचनामा करून घ्यावा आणि भरपाईचा अर्ज द्यावा. आमच्या भागात निम्मे लोक पंचनाम्याच्या आधीच पाला उचलून टाकतात आणि मग भरपाई मिळाली नाही म्हणून ओरडतात.

आता पीक राखायला हत्यार कोणतं? शस्त्र अधिनियम १९५९ च्या १३ व्या कलमात हे बऱ्यापैकी स्पष्ट आहे. पीक संरक्षणासाठी ठासणीची बंदूक, आणि ती पुरेशी नाही असं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला वाटलं तर दुसरी गुळगुळीत नळीची, म्हणजे आपली बारा बोअरची. नळी वीस इंचांपेक्षा आखूड नको. रायफलीचं नाव तिथं घेतलेलं नाही. त्याच कलमात पुढं .२२ रायफल आणि एअर रायफल यांचा उल्लेख आहे, पण तो मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सभासदाला नेमबाजीच्या सरावासाठी. म्हणजे कायद्यानेच दोन वेगळ्या वाटा आखून ठेवल्या आहेत.

यामागे कारण आहे, आणि ते आपल्या फडात रोज दिसणारं आहे. रायफलीच्या नळीत आतून पिळाचे आटे असतात. त्यांनी गोळी स्वतःभोवती फिरत, सरळ आणि लांब जाते. .२२ ची गोळी करंगळीच्या टोकाएवढी दिसते, पण ती दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. .३०-०६ सारख्या मोठ्या रायफलीची गोळी तीन किलोमीटरच्या पुढं जाते. बारा बोअरचा बारीक छर्रा दोन-अडीचशे मीटरवर दम सोडतो. एलजी, एसजीचा मोठा छर्रा त्याहून पुढं जातो, पण रायफलीशी त्याची तुलना नाही. आता आपला मुलूख बघा. सपाट कॅनॉलचं रान, मागे डोंगर नाही, बांध नाही. ऊस गोळी अडवत नाही. आणि हंगामात त्याच रानात टोळ्या उतरलेल्या असतात.

मागे एका गावात रात्री डुकरावर झाडलेली गोळी चार शेतं ओलांडून तोडकऱ्यांच्या तळावर गेली. कोपीची ताडपत्री फाटली, आतल्या पाण्याच्या हंड्याला भोक पडलं. हंड्याशेजारी तीन लेकरं झोपली होती. झाडणारा माणूस वाईट नव्हता. त्याच्या बॅटरीच्या झोतात डुक्कर होतं, त्याच्या पलीकडे काय आहे ते त्याला दिसत नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो हंडा मी हातात घेऊन पाहिला आहे. म्हणून लांब पल्ल्याची रायफल उसासाठी मागणाऱ्याला मी सरळ नाही म्हणतो, मग तो संचालक असो की साधा सभासद.

आता पोरा-पोरींच्या नेमबाजीकडे येतो. इथं मात्र मी मनापासून हो म्हणेन. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेत्या झाल्या. राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ साली उभी राहिली, तिच्या स्थापनेत आपले दादासाहेब मावळंकर होते आणि त्यांच्या नावाची स्पर्धा आजही होते. तेव्हा हा खेळ काही परका नाही.

यात पहिली रायफल म्हणजे १० मीटरची एअर रायफल. लोक नाक मुरडतात, "छर्ऱ्याची बंदूक काय घ्यायची!" पण त्या १० मीटरच्या लक्ष्यावर दहाचं वर्तुळ अवघं अर्धा मिलिमीटरचं असतं, पेनाच्या टोकाचा ठिपकाच. हात, श्वास आणि चाप यांची शिस्त तिथंच लागते, आणि पुढं .२२ ला तीच उपयोगी पडते. नळी ४.५ मि.मी.ची आणि ताकद २० ज्यूलच्या आत असेल तर शस्त्र परवाना लागत नाही. घेताना ओळखपत्र द्यावं लागतं.

घेण्याआधी एक गोष्ट घरीच तपासा. दोन्ही हात लांब करून तळव्यांची एक छोटी खिडकी करायची आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यातून लांबचा विजेचा खांब बघायचा. मग एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याने खांब खिडकीतच राहतो तो मुख्य डोळा. पोरगं उजव्या हाताचं आणि डोळा डावा असं पुष्कळदा निघतं. अशा वेळी रायफल डाव्या खांद्याला लावून शिकवावी की उजव्याच, हे प्रशिक्षकाने ठरवावं, दुकानदाराने नव्हे. उजव्या हाताची रायफल आधी घेऊन बसलेले पालक मी पाहिले आहेत. दस्ता उंचीप्रमाणे कमी-जास्त होणारा हवा, गालाची पट्टी वर-खाली होणारी हवी. स्पर्धेत साडेपाच किलोपर्यंत वजन चालतं म्हणून बारा वर्षांच्या पोरीच्या हातात तेवढं देऊ नये. पाठीचं दुखणं लागतं.

नळी मोडून हवा भरायची साधी देशी रायफल काही हजारांत येते. पवित्रा शिकायला ती पुरते, मात्र तिच्या स्प्रिंगचा हिसका नेम हलवतो. स्पर्धेच्या रायफली दाबलेल्या हवेच्या सिलिंडरवर चालतात. जर्मनीच्या वाल्थर, फाइनवर्कबाऊ, अन्शुट्झ ही नावं क्लबात ऐकायला मिळतील. त्यांची किंमत लाख-दोन लाखांच्या पुढं, म्हणजे दोन एकरांच्या उसाचं बिल. वर जाड जाकीट, पँट, बूट वेगळे. म्हणून माझं मत असं की पहिले सहा महिने क्लबची रायफल वापरावी. पोरगं टिकलं तर मग पैसा घालावा. जुनी घेत असाल तर सिलिंडरवरची तारीख वाचा. या कंपन्या त्याचं आयुष्य दहा वर्षं धरतात. जुन्या सिलिंडरमुळे स्वस्त पडलेली रायफल शेवटी महाग जाते.

पुढची पायरी ५० मीटर, .२२ ची. कुसाळे यांचं पदक याच प्रकारातलं: गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून. इथं परवाना लागतो, काडतुसांचा आकडा परवान्यावर असतो आणि शस्त्र हाताळणीचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. लांब पल्ला म्हणजे काय तेही इथंच कळतं. ५० मीटरवर नेम बसवलेली .२२ शंभर मीटरवर अर्ध्या फुटाच्या आसपास खाली मारते. मोठी .३०-०६ शंभरावर बसवली तर तीनशेवर सव्वा फूट खाली. वारा वेगळाच. तीनशे मीटरची स्पर्धा आहे, पण ऑलिंपिकमधून ती १९७२ नंतर गेली. ज्याला पन्नासावर दहा लागत नाहीत, त्याने तीनशेचा विचार करून काडतुसं जाळू नयेत.

परवाना घेतलाच तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात आणि परवाना पाच वर्षांचा असतो, हे ध्यानात ठेवा. वडिलांची जुनी बंदूक घरात असेल तर ती मुलाच्या नावावर घेतानाही हा हिशेब लागतो. निवडणुकीत ठाण्यात जमा करायला सांगितलं तर पावती घ्या आणि ती सात-बाऱ्याच्या पिशवीत ठेवा, म्हणजे सापडेल.

डोळ्याची तपासणी ज्यांना नीट जमली नाही त्यांनी मुला-मुलींना घेऊन सुट्टीच्या दिवशी सकाळी कारखान्याच्या सुरक्षा ऑफिसात यावं. रायफल आणायची गरज नाही.