वजन उतरले, रक्ताचा रिपोर्ट काय सांगतो?

अंबरनाथ-बदलापूरहून रोज लोकलने जाणाऱ्या माणसाची पँट ढिली झाली, की घरचे म्हणतात, ‘दगदग फार होते.’ असेलही. पण डाएट नाही, व्यायाम नाही, आणि तरी सहा ते बारा महिन्यांत 5 टक्के वजन, म्हणजे 70 किलोतले साडेतीन किलो गेले, तर कारण शोधायलाच हवे.

डॉक्टर आधी नेहमीची कारणे तपासतात. मधुमेहासाठी एचबीए१सी, थायरॉइडसाठी टीएसएच, टीबीची शंका असेल तर थुंकी आणि छातीचा एक्स-रे. सोबत सीबीसी, सूज दाखवणारी सीआरपी, अल्ब्युमिन, कॅल्शियम, लिव्हर-किडनीच्या तपासण्या. उल्हासनगरच्या कॅम्प 3 मधले मध्यवर्ती रुग्णालय राज्य सरकारचे आहे आणि अशा रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून तपासणी-उपचार मोफत आहेत.

या तपासण्यांतून कॅन्सरचा अंदाज कसा येतो? ब्रिटनमध्ये वजन घटल्याची नोंद असलेल्या सुमारे 64 हजार रुग्णांचा अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांत कॅन्सर निघाला 1.4 टक्के लोकांत, आणि त्यांतले बहुतेक पन्नाशीपुढचे. अल्ब्युमिन कमी, प्लेटलेट्स किंवा कॅल्शियम जास्त असले, की शक्यता साधारण चौपट होत होती. म्हणजे हजारात 14 च्या जागी पन्नासेक. तरीही उरलेल्या साडेनऊशे जणांना कॅन्सर नव्हताच. शिवाय टीबीतही अल्ब्युमिन उतरते आणि सीआरपी चढते, म्हणून हे आकडे आपल्याकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत.

रिपोर्ट एकेक ओळ सुटी वाचून चालत नाही. समजा, कॅल्शियम 10.2 आहे. लॅबच्या मर्यादेत, म्हणून ठळक छापलेले नाही. पण अल्ब्युमिन 3.0 आहे. कॅल्शियमचा बराच भाग अल्ब्युमिनला चिकटून फिरतो, त्यामुळे अल्ब्युमिन 4 पेक्षा जितके कमी, त्याच्या 0.8 पट कॅल्शियममध्ये मिळवतात. उत्तर येते 11.0, म्हणजे वाढलेले. तसेच साठीच्या पुरुषाचे हिमोग्लोबिन 9.8 आणि एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींचा आकार, 72 असेल, तर नुसत्या लोहाच्या गोळ्या देऊन भागत नाही. पोटात कुठे रक्त झिरपते का, हे दुर्बिणीने पाहावे लागते.

लॅबच्या पॅकेजमधले ‘कॅन्सर मार्कर’ मात्र स्वतःहून करू नयेत. सीईए धूम्रपानाने वाढतो, सीए १२५ पाळीच्या दिवसांतही. उगाच घाबरगुंडी उडते, आणि मार्कर नॉर्मल आला म्हणून कॅन्सर नाही असेही ठरत नाही.

रक्त फक्त सांगते, कोणाची सोनोग्राफी, सीटी स्कॅन किंवा एंडोस्कोपी आधी करायची. निदान होते ते बायोप्सीवर.

आणि सगळे रिपोर्ट नॉर्मल आले तर? त्या ब्रिटिश अभ्यासात कोणत्याही एका नॉर्मल तपासणीने कॅन्सर नाकारता आला नव्हता. म्हणून दर आठवड्याला एकाच काट्यावर, सकाळी उपाशीपोटी वजन करून तारखेसह लिहून ठेवावे. ते उतरतच राहिले, तर तो कागद आणि जुने रिपोर्ट घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे जावे.